चंद्राच्या मातीचा उतारा आणि खाली उतरणारं रॉकेट

इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. चीनचं झूचुए-३ हे रॉकेट उतरताना जळालं, तरी त्याला मोठी गोष्ट का म्हणतात? चंद्रावरून हेलियम-३ आणून चीन उद्या जगाला वीज विकणार हे खरं का? आणि या क्षेत्रात यायचं तर काय शिकू?

मी तीस वर्षं द्रव इंधनाच्या इंजिनांच्या चाचण्यांमध्ये काढली. खनिजं हा माझा मूळ विषय नाही. पण उष्णता, पंप, व्हॉल्व्ह आणि वजन यांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून लिहायचं धाडस करतो.

हेलियमपासून सुरुवात करू, कारण तो प्रश्न कागद-पेन्सिलवरच निकालात निघतो. हेलियम-३ म्हणजे हेलियमचा हलका प्रकार, त्याच्या अणूंच्या संमीलनातून (फ्यूजन) वीज काढायची अशी कल्पना आहे. चंद्राच्या मातीत ते असतं वजनाने अब्जात काही भाग. आपण उदार होऊन अब्जात दहा धरू. म्हणजे एका ग्रॅमसाठी शंभर टन माती. दहा टनी दहा ट्रक भरून खणायची, सातशे अंशांच्या आसपास तापवायची, निघालेला वायू गोळा करायचा आणि त्यातलं हजारो पटींनी जास्त असलेलं साधं हेलियम वेगळं करायचं. हे सगळं एका ग्रॅमसाठी. किलोसाठी एक लाख टन माती. आणि इतकं करून ते जाळायची भट्टी पृथ्वीवर कुठेच नाही. ड्युटेरियम आणि ट्रिशियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांच्या सोप्या संमीलनातूनसुद्धा अजून कोणी ग्रिडला वीज दिलेली नाही. हेलियम-३ ला तर त्याच्या कितीतरी पट तापमान लागतं. २०२२ मध्ये चीनने चांगईसाइट नावाचं नवं खनिज जाहीर केलं तेव्हा बातम्यांत त्याच्या शेजारी हेलियम-३ चिकटवलं गेलं, आणि तेव्हापासून हे भूत मानगुटीवर बसलं आहे. ते खनिज म्हणजे केसाच्या जाडीहून बारीक असा फॉस्फेटचा एक स्फटिक होता. शास्त्रज्ञांसाठी सोनंच, पण वीज मंडळाच्या काही कामाचं नाही.

आता दुसरा आकडा बघा. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग-ई-५ यानाने चंद्रावरून १,७३१ ग्रॅम माती आणली. त्यासाठी पृथ्वीवरून निघालेल्या यानाचं वजन ८.२ टन होतं, आणि ते उचलणारं लाँग मार्च-५ रॉकेट त्याहून कितीतरी जड. जून २०२४ मध्ये चांग-ई-६ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची, अपोलो विवरातली माती आणली. पलीकडून माती आणण्याची ती जगातली पहिलीच वेळ, आणि वजन भरलं १,९३५.३ ग्रॅम. दोन्ही मिळून साडेतीन किलोच्या थोडं वर. भाजीच्या पिशवीत मावेल एवढी. या कामाची थोरवी मी कमी करत नाही. पण जाताना आठ टन आणि येताना पावणेदोन किलो, हे प्रमाण एकदा डोक्यात बसलं की चंद्रावरची कुठलीही वस्तू इथे आणून विकायची कल्पना आपोआप गळून पडते.

तिथलं तिथेच वापरायचं, एवढाच मार्ग उरतो. साखर कारखाना उसाच्या शिवाराजवळ असतो तो याच हिशेबाने. टनभर उसात साखर शंभर-सव्वाशे किलो, बाकीचा भार लांब वाहून नेणारा बुडतो. आणि कारखान्याची पत ठरते ती उताऱ्यावर, म्हणजे किती मालातून किती निघालं त्यावर. चंद्रावरच्या साधनसंपत्तीची कुठलीही बातमी वाचताना मी पहिल्यांदा उतारा विचारतो.

चीनच्या निंगबो इथल्या मटेरियल्स संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नेमका असा एक उतारा जाहीर केला. चांग-ई-५ ची माती नऊशे अंशांच्या वर तापवली की तिच्यात सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने, अब्जावधी वर्षं ठोकून बसवलेला हायड्रोजन लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि पाण्याची वाफ निघते. त्यांचा आकडा असा, की एक ग्रॅम वितळलेल्या मातीतून ५१ ते ७६ मिलिग्रॅम पाणी. म्हणजे टनाला पन्नास किलोच्या वर, पाच ते साडेसात टक्के उतारा. आपल्याकडचा एखादा रडतखडत चालणारा कारखानाही याहून बरा निघेल, पण कोरड्या ठणठणीत चंद्रासाठी हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा आहे.

मला मात्र इथे हिशेब जुळत नाही. पाण्याच्या वजनात हायड्रोजन एक नवमांश असतो. ५१ मिलिग्रॅम पाण्याला साडेपाच मिलिग्रॅमहून थोडा जास्त हायड्रोजन हवा. अपोलोने आणलेल्या मातीत हायड्रोजन दर दहा लाखांत पन्नास ते शंभर भाग, म्हणजे ग्रॅमला फार तर ०.१ मिलिग्रॅम. त्यातून पाणी निघेल एक मिलिग्रॅमहूनही कमी. पन्नास पटींचा फरक आहे. इल्मेनाइट या लोखंड-टायटॅनियमच्या खनिजासारख्या काही कणांत, त्यांच्या बाहेरच्या पापुद्र्यात हायड्रोजन खच्चून भरलेला असतो हे खरं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तोच कण धरला तर आकडा फुगतो. पण घमेल्याने माती टाकायची म्हटली की सरासरी लागते. किलोभर माती भट्टीत घालून खाली भांड्यात किती पाणी जमलं हे कोणी मोजून दाखवेपर्यंत मी टनाला लिटरभर पाणीच धरून चालेन.

याने काय फरक पडतो? टनभर माती हजार-अकराशे अंशांपर्यंत न्यायला साडेतीनशे ते चारशे युनिट ऊर्जा लागते, वितळवायची तर आणखी. चंद्रावर सूर्य दर चौरस मीटरला १.३६ किलोवॉट देतो, ढग नाही की धुकं नाही. दहा चौरस मीटरचा आरसा घेतला आणि निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तर साठेक तास. चंद्राचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा असतो, तेव्हा हे जमण्यासारखं आहे. पन्नास लिटर पाणी मिळणार असेल तर हा धंदा फायद्याचा. लिटरभरच मिळणार असेल तर त्या मातीतून पाणी काढत बसू नये, ऑक्सिजन काढावा. मातीच्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच आहे. हायड्रोजन पृथ्वीवरून न्यायचा, इल्मेनाइटवरून सोडायचा, जी वाफ होईल तिचं विद्युत अपघटन करून ऑक्सिजन ठेवून घ्यायचा आणि हायड्रोजन परत भट्टीत. हा फिरता हायड्रोजन थोडाफार गळतो, पण संपत नाही. माझ्या मते पुढची वीस वर्षं चंद्रावरचा खरा माल ऑक्सिजन आहे. मिथेनवर चालणाऱ्या रॉकेटच्या टाक्यांत जे भरतात त्याच्या वजनात तीन चतुर्थांशाहून जास्त तोच असतो.

पाणीच हवं असेल तर ध्रुवावर जायला हवं. तिथल्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. चांद्रयान-१ ने चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या, आणि २००९ मध्ये नासाने कॅबियस विवरात रॉकेटचा टप्पा आपटून उडालेल्या धुरळ्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास पाणी मोजलं. हा मात्र धुरळ्यावर खरोखर मोजलेला उतारा आहे. २०२६ साठी ठरलेली चांग-ई-७ मोहीम म्हणूनच माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची. दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन विवराच्या काठाकडे लँडर उतरवायचा, आणि त्यातून एक उड्या मारणारं छोटं यंत्र अंधाऱ्या विवरात जाऊन पाण्याचे रेणू शोधणार. चाकं तिथे का नाहीत, तर उतार भयंकर आहे आणि खाली तापमान उणे दोनशेच्या आसपास किंवा त्याहून खाली. अशा थंडीत साधं ग्रीस दगड होतं. उडी मारून आत जाणं आणि बॅटरी मरायच्या आत उडी मारून उन्हात परत येणं, ही कल्पना मला फार आवडली. त्यानंतरची चांग-ई-८ तिथल्याच मातीपासून काही बनवून बघणार आहे, आणि त्यापुढे रशियाबरोबर २०३५ च्या सुमाराला प्राथमिक तळ उभा करायचा बेत आहे.

विटांचं काम मात्र आत्ताच चालू झालंय, आणि त्याची बातमी व्हायला हवी तेवढी झाली नाही. वुहानच्या ह्वाचोंग विद्यापीठातल्या लोकांनी ज्वालामुखीच्या राखेपासून चंद्राच्या मातीसारखी माती बनवली, ती भाजून लहान लहान विटा पाडल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिआनझोऊ-८ या मालवाहू यानातून अंतराळ स्थानकाकडे पाठवल्या. तिथे त्या बाहेरच्या बाजूला ऊन, थंडी आणि किरणोत्सर्ग खात ठेवायच्या आणि टप्प्याटप्प्याने परत आणून फोडून बघायच्या. त्यांच्या नियोजित घराच्या विटा एकमेकींत अडकतात, सुतार लाकडाला खाच आणि कुसू करून सांधतो तशा. कारण सरळ आहे. चंद्रावर सिमेंट कालवायला घेतलं तर पाणी उडून जाणार. हफेई इथल्या प्रयोगशाळेने आणखी एक यंत्र केलंय. वाटीसारख्या आरशाने ऊन गोळा करायचं, ते प्रकाशतंतूंतून वाहून नेऊन एका टोकावर सोडायचं, आणि १,३०० अंशांच्या वर मातीच वितळवून थरावर थर चढवायचा. तापवण्यासाठी वीज मधे कुठेच नाही. गावाकडच्या वीटभट्टीत कोळसा आणि भुसा, इथे थेट ऊन. हे यंत्र चंद्रावरच्या धुळीत किती दिवस आरसा स्वच्छ ठेवू शकेल, हा प्रश्न मी त्यांना विचारला असता.

आता झूचुए-३ कडे येतो. वरच्या सगळ्या गोष्टी चंद्रावर न्यायच्या कशातून, हा प्रश्न अशा रॉकेटांतूनच सुटणार आहे.

२०१४ पर्यंत चीनमध्ये रॉकेट बनवणं हे पूर्णपणे सरकारी काम होतं. त्या वर्षी सरकारने खासगी भांडवलाला दार उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत डझनावारी कंपन्या निघाल्या. त्यातली लँडस्पेस मला सुरुवातीपासून वेगळी वाटली, कारण तिने सोपा घन इंधनाचा रस्ता लवकर सोडला आणि मिथेनचं इंजिन हातात घेतलं. १२ जुलै २०२३ रोजी तिचं झूचुए-२ कक्षेत पोचलं. मिथेनवर चालणारं कक्षेत पोचलेलं ते जगातलं पहिलं रॉकेट. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या आधी. मिथेन कशासाठी? केरोसीन जळताना काजळी धरतं आणि इंजिन पुन्हा वापरायचं तर ती खरवडत बसावं लागतं. मिथेन बरंच स्वच्छ जळतं. शिवाय ते उणे १६२ अंशांना द्रव होतं आणि ऑक्सिजन उणे १८३ ला, त्यामुळे दोन्ही टाक्या शेजारीशेजारी ठेवायला त्रास कमी. अर्थात अमेरिकेतल्या स्पेसएक्सची केरोसीनवर चालणारी फाल्कन-९ शेकडो वेळा उतरली आहे, तेव्हा काजळी हे अडून बसायचं कारण नव्हे.

३ डिसेंबर २०२५ ला गोबी वाळवंटातल्या जिउच्वानहून झूचुए-३ पहिल्यांदा उडालं. ६६ मीटर उंच, साडेचार मीटर व्यासाचं, स्टेनलेस स्टीलचं अंग, खाली नऊ इंजिनं. दुसरा टप्पा कक्षेत पोचला. पहिला टप्पा, म्हणजे उतरवून पुन्हा वापरायचा खालचा भाग, वळून गांसू प्रांतातल्या उतरायच्या जागेपर्यंत आला, शेवटच्या ज्वलनाच्या वेळी त्याला आग लागली आणि तो तळाच्या काठाशी कोसळला. बरोबर वीस दिवसांनी सरकारी लाँग मार्च-१२ए उडालं, कक्षेत पोचलं, आणि त्याचाही पहिला टप्पा हाती लागला नाही.

यात मोठं काय? रिकामा टप्पा ध्वनीच्या वेगाच्या कितीतरी पट वेगाने, उलटा, शेपटी पुढे करून वातावरणात शिरतो. टाकीत तळाशी थोडं इंधन उरलेलं असतं आणि ते डचमळत असतं. अशा वेळी इंजिन पुन्हा पेटवायचं. ज्यांच्या विहिरीवर मोटर आहे त्यांना हे चटकन कळेल. फूट व्हॉल्व्ह गळला की पाइपात हवा शिरते, मोटर गरगर फिरते आणि पाणी चढत नाही. रॉकेटचा पंप मिनिटाला हजारो फेरे मारत असतो. त्याच्या तोंडाशी द्रवाऐवजी बुडबुडा आला तर भार सुटतो, पंप सैरभैर धावतो आणि पाती स्वतःलाच फाडतात. आमच्या एका चाचणीत पुन्हा पेटवण्याआधी पाइप पुरेसा थंड केलेला नव्हता. घाई होती, कोणाची ते जाऊ दे. आत ऑक्सिजनची वाफ धरली. पडद्यावर फेऱ्यांची रेघ तिरकी चढायची ती सरळ उभी गेली. बंद करायची आज्ञा आपोआप सुटली, पण आवाज आधी आला. नंतर टर्बाइनचे तुकडे आम्ही चिमट्याने वेचले. आणि ते इंजिन जमिनीला घट्ट बोल्ट केलेलं होतं, पडत नव्हतं.

दुसरी अडचण अशी की रिकामा टप्पा हलका असतो आणि एकच इंजिन अगदी मंद केलं तरी त्याचा रेटा टप्प्याच्या वजनापेक्षा जास्त भरू शकतो. म्हणजे हेलिकॉप्टरसारखं अधांतरी थांबून जागा न्याहाळणं नाही. उंची शून्य होते त्याच क्षणी वेगही शून्य व्हायला हवा. जरा लवकर झाला तर टप्पा पुन्हा वर जाऊ लागतो, उशीर झाला तर खड्डा. पहिल्याच उड्डाणात कक्षा गाठणं आणि परतीच्या वाटेवर तळाच्या काठापर्यंत अचूक येणं, म्हणजे मार्गदर्शन आणि वातावरणातला प्रवास जमला. राहिलं ते शेवटचं ज्वलन. माझ्या अनुभवात हा दुरुस्त होण्यासारखा भाग आहे. फाल्कननेही डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा नीट उतरण्याआधी समुद्रावर बरेच टप्पे फोडले होते.

त्यांच्या घाईमागे कारण आहे. क्वोवांग नावाच्या इंटरनेट उपग्रहांच्या जाळ्यासाठी चीनला सुमारे तेरा हजार उपग्रह सोडायचे आहेत, छ्यानफान हे दुसरं जाळं वेगळंच. २०२४ मध्ये त्यांची ६८ उड्डाणं झाली, २०२५ मध्ये नव्वदच्या वर. एकदाच वापरून टाकायच्या रॉकेटांनी तेरा हजारांचा डोंगर हलणार नाही. घाईत काय होतं याचंही एक चित्र आहे. ३० जून २०२४ ला हनान प्रांतात तिआनलाँग-३ या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची जमिनीवरची चाचणी चालू होती. जोडणी तुटली आणि बांधून ठेवलेलं रॉकेट सुटून खरंच उडालं, मग डोंगरात कोसळलं. चाचणीच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला ती चित्रफीत बघवत नाही.

चीनच्या रॉकेटांशी आपला एक थेट संबंधही आहे, आणि तो आकाशातून पडला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात लोकांनी आकाशात जळत्या रेघा पाहिल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं पडलं, तीनेक मीटर व्यासाचं. आसपास गोळेही सापडले. कडं बघायला गाव लोटलं होतं. जाणकारांनी ते लाँग मार्च-३बी च्या तिसऱ्या टप्प्याचं ठरवलं, आणि त्या टप्प्याचा व्यास तीन मीटरच आहे. पहिला टप्पा परत उतरवायला शिकल्याने हा प्रश्न सुटत नाही. वरचा टप्पा काम संपल्यावर थोडं इंधन राखून मुद्दाम समुद्रात पाडावा लागतो, आणि त्या इंधनाच्या वजनाइतका माल कमी न्यावा लागतो. छ्यानफानचे पहिले अठरा उपग्रह ऑगस्ट २०२४ मध्ये सोडल्यावर त्या रॉकेटचा वरचा टप्पा कक्षेतच फुटला आणि शेकडो तुकडे झाले. पुढच्याच वर्षी शेनझोऊ-२० या माणसं नेणाऱ्या यानाच्या खिडकीला तडा गेला, तो अशाच कुठल्यातरी बारीक तुकड्याने असावा असं चिनी यंत्रणांनीच सांगितलं. त्यातल्या तिघांना दुसऱ्या यानातून घरी यावं लागलं.

जुन्या लाँग मार्चमध्ये हायड्राझिनच्या कुळातलं विषारी इंधन असतं आणि शीचांगसारखे उड्डाणतळ देशाच्या पोटात आहेत, त्यामुळे त्यांचे टप्पे खेड्यांवर पडतात. जून २०२४ मध्ये क्वेइचो प्रांतातल्या एका गावावर तांबूस धूर सोडत असाच एक टप्पा आला. नाकं मुरडायच्या आधी आठवावं की आपल्या इस्रोच्या विकास इंजिनातही त्याच कुळातलं इंधन जळतं. श्रीहरिकोटा किनाऱ्यावर आहे आणि आपले टप्पे बंगालच्या उपसागरात पडतात, म्हणून आपण वाचलो. मिथेनकडे जाणं त्या खेड्यांसाठी खरी सुटका आहे. हेही सांगून टाकतो, की चांग-ई लँडर ज्या इंजिनावर चंद्रावर उतरले तेही याच हायड्राझिनच्या कुळातलं. म्हणजे चंद्रावर उद्या ऑक्सिजन बनला तरी त्या लँडरना त्याचा घोटही पिता येणार नाही. खाणीच्या बातम्या आणि इंजिनांचे आराखडे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

राहिला तिसरा प्रश्न, काय शिकावं. उड्डाणांच्या आकड्यांत भारत चीनच्या मागे आहे. पण २०२४ मध्ये चांद्रयान-४ ला मंजुरी मिळाली आहे, तीही माती आणायलाच, आणि मोठ्या, पुन्हा वापरता येणाऱ्या नव्या रॉकेटलाही. म्हणजे तुम्ही पदवी घेऊन बाहेर पडाल तेव्हा काम असेल. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनत आली आहेत, वालचंदनगरला घन इंधनाच्या रॉकेट मोटारींची कवचं. तिथल्या वेल्डरबरोबर एक महिना उभं राहायला मिळालं तर सोडू नका. द्रवगतिकी आणि उष्णता-वहन पक्कं करा, अतिथंड द्रवांचा एक तरी प्रयोग स्वतःच्या हाताने करा, लिक्विड नायट्रोजन कॉलेजात मिळतं. आणि सील, म्हणजे गळती रोखणारे सांधे, शिका. चंद्राची धूळ वारा-पाण्याने कधी घासली गेलेली नाही, तिचा प्रत्येक कण काचेच्या तुकड्यासारखा धारदार आहे. भट्टीचं दार दिवसातून दहा वेळा उघडायचं-मिटायचं आणि तरी आतला हायड्रोजन बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं दार अजून कोणी चंद्रावर चालवून दाखवलेलं नाही.